मीनघार बसली का?

"ओरड, अजून ओरड. तो आणेल तेव्हा डोकं स्वतः खाईल आणि शेपूट तुझ्यापुढे टाकेल. तेवढ्यासाठी घसा फाडतेस होय गं?"

आई माझ्या कानाशी पुटपुटत होती. आम्ही दोघी घराच्या भिंतीशी लावलेल्या बाकावर बटाटे सोलत बसलो होतो, आणि तिचं हे बोलणं कुरणातल्या मीनघारीला उद्देशून होतं. कुरणाच्या टोकाला, जिथून सरोवराची लव्हाळी सुरू होतात, तिथे एक उंच खांब आहे. खांबावर घोडागाडीचं जुनं चाक, चाकावर काटक्यांचा हा एवढा भारा, आणि त्या भाऱ्यावर उभी राहून मादी सकाळपासून एकाच बारीक शिट्टीत नराकडे मासा मागत होती. थांबायचं नाव नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बाबा, तिकाटण्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावून.

तेवढ्यात नर आला. आईने सुरी खाली ठेवली आणि आवाज चढवला.

"आला गं मिल्दा, आला! सरोवराकडून येतोय बघ. पायात मासा आहे, चांगला मोठा. पण अर्धाच. डोकं खाल्लंय मेल्यानं!"

"मघाशीच पाहिला मी," डोळा न काढता बाबा म्हणाले. "तुम्हा बायकांना सगळं उशिरा दिसतं."

मी बटाट्यात सुरी अशी खुपसली की त्याची दोन शकलं झाली. बाबांची दुर्बीण शेजारच्या स्ताशेच्या खुराड्यावर रोखलेली होती.

बाबांना दिसेनासं झालं होतं. अगदी अंधार नव्हता. चालायला, लाकडं फोडायला, दाराची कडी काढायला काही अडत नव्हतं. पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेवढंच त्यांच्या नजरेतून पुसलं जात असावं, कारण आताशा ते माणसाशी बोलताना कोंबडीसारखी मान तिरकी करून कडेने बघायचे. सांगितलं मात्र कुणालाच नव्हतं. आई त्यांना शरदात मोठ्या गावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? "थेंब दिलेत," आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातून डोळे हा शब्दच गेला. मान तिरकी का, तर आखडलीय. चहा कपाबाहेर का गेला, तर तो कपच बुटका आहे. भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीला बाबांनी शेजारचा विम्सास समजून "बस की" म्हटलं, तर तिने मलाच डोळे वटारले.

गाडीचं तर विचारूच नका. बाबांनी गाडी चालवणं सोडलं ते "गिअर अडकतो" म्हणून. धडधाकट गाडी कोठारात ताडपत्रीखाली, आणि मी बटाट्याचं पोतं बसने आणणार. मला चालवता येते. पण मी चालवली असती तर गिअर अडकत नाही हे सिद्ध झालं असतं. विम्सासला गाड्यांतलं कळतं; बाबांनीच त्याला दाखवायला बोलावलं. त्याने गिअर मागेपुढे केला, लोण्यासारखा फिरला. विम्सासने बाबांकडे पाहिलं, मग आईकडे, मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "भाग मिळत नाही हो याचा. कारखानाच बंद झाला." सगळं गाव यात सामील होतं. मला एकटीलाच चीड येत होती, आणि तीही मी बटाट्यांवर काढत होते.

आता त्या चाकाचं सांगते, नाहीतर बाबांनी एवढं नाटक कशासाठी केलं ते कळायचं नाही.

आमच्या भागात ज्याच्या अंगणात करकोचा घर करत नाही, त्या घराकडे लोक जरा वेगळ्या नजरेने बघतात. भांडखोर असतील, आळशी असतील, करकोचा काही उगीच टाळत नाही. मार्च सरता सरता करकोच्यांचा दिवस येतो तेव्हा प्रत्येक जण मान वर करून बघतो, आले का आपले. आमचे कधी आलेच नाहीत. स्ताशेकडे दोन घरटी, विम्सासच्या चक्क धुराड्यावर. शेवटी बाबांनी हट्टाने कुरणात खांब रोवला, आजोबांच्या गाडीचं चाक त्यावर चढवलं, आणि करकोच्यांना जुनं घर वाटावं म्हणून वर विष्ठेच्या पांढऱ्या डागांसारखा थोडा चुना शिंपडला. वर्षामागून वर्षं चाक रिकामं. आणि एका वसंतात त्यावर येऊन बसली ती मीनघारीची जोडी, जी एरवी दूर जंगलात पाइनच्या शेंड्यावर घर करते, माणसाच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही.

गाव आठवडाभर बाबांवर हसलं. "प्रानासनं पाट मांडला करकोच्याला, आणि जेवायला बसला मासेचोर!" बाबा दोन दिवस बाहेर पडले नाहीत. मग दुर्मीळ पक्ष्यांच्या कचेरीतून योलांता आली. कुरणात उभी राहिली, वर पाहिलं आणि तिच्या डोळ्यांना पाणीच आलं. म्हणाली, इतकी माणसाजवळ मीनघार मी आयुष्यात पाहिली नाही, प्रानास. तिने बाबांना दुर्बीण दिली, तिकाटणं दिलं आणि राखण त्यांच्यावर सोपवली. मादी अंडी घालून बसली की बाबांनी तिला फोन करायचा. फोनवर एकच शब्द: "बसली." की त्या दिवसापासून पिल्लं उडेपर्यंत कुरण बंद. गवतकापणी नाही, होडी नाही, कसलं यंत्र नाही. एप्रिलमध्ये दुकानात पाव घ्यायला गेलं तर लोक नमस्कार करायच्या आधी विचारतात, "बसली का?" आणि उत्तर देतात बाबा. सगळा जन्म सामूहिक शेतीवर दुसऱ्याच्या हुकमाने ट्रॅक्टर हाकला त्या माणसाने. हा एक शब्द तेवढा त्यांचा होता.

आणि यंदा नेमका त्याच शब्दावर अख्ख्या वाडीचा दिवा अडकला.

घरट्याच्या खांबापासून हाकेच्या अंतरावर विजेचा खांब आहे. हिवाळ्यात तो कलला. जरा वारा आला की तारा एकमेकींना टेकतात आणि पलीकडच्या सगळ्या घरांची वीज जाते. वीजवाले म्हणाले, खांब बदलू, दोन दिवसांचं काम आहे, पण अंडी पडायच्या आत. पडली असतील तर मग पिल्लं उडून गेल्यावरच. नियम आहे आणि दंडही आहे. बरोबरच होतं. दोन दिवस तिथे यंत्र घरघरत राहिलं तर मादी उठणार, आणि एप्रिलच्या गारठ्यात अंडी किती वेळ टिकणार?

स्ताशे कुंपणाशी आली ती दोन्ही हात कमरेवर ठेवूनच.

"ब्रोने, काल परत वीज गेली. माझं उबवणीयंत्र थंडगार. हंसांची अंडी आहेत आत, कळतंय ना? रात्रभर घोंगड्या घालून, गरम पाण्याच्या बाटल्या लावून बसले मी. आता मीच अंड्यांवर बसायची तेवढी राहिलेय."

"तू बसलीस तर ती शिजतील गं, उबणार नाहीत," आई म्हणाली.

"हस, हस. तुमच्या पाहुण्यांची ती अंडी आणि माझी काय दगडं? प्रानासला म्हणावं काय ते एकदा सांगून टाक. बसली तर बसली, नाही तर नाही."

"बघतोय तो. बघितल्याशिवाय कसा सांगेल?"

यावर स्ताशे काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलंही तिने. मग बाकावर बसलेल्या बाबांकडे तिची नजर गेली, दुर्बीण आपल्याच खुराड्याकडे वळलेली तिने पाहिली, आणि तोंड मिटलं. "माझ्या कोंबड्या बऱ्या आहेत," एवढंच म्हणून ती निघून गेली.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आईला गाठलं.

"आता सांगूया."

"काय सांगूया?"

"तुला माहितीये काय ते."

"बीट किस," आई म्हणाली.

"आई, हे आता आपल्यापुरतं नाही राहिलं. उद्या-परवा ती माणसं येतील, बाबांना विचारतील, आणि बाबा काहीतरी ठोकून देतील."

"ठोकून कशाला देतील? मी असते ना शेजारी. मी बोलते, तो ऐकतो. इतके दिवस चाललंय की नाही?"

"तू आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ मांडलायस."

आईने बिटाने लाल झालेला हात माझ्या तोंडासमोर धरला. "पुन्हा तो शब्द काढू नकोस या घरात. एकदा तोंडाबाहेर पडला की तो माणूस त्या बाकावरून उठेल, आणि मग कुठे बसेल ते सांग मला. खाटेवर बसेल. भिंतीकडे तोंड करून. मी त्याच्या वडिलांना तसं बसलेलं पाहिलंय." मग हात खाली घेऊन म्हणाली, "बारीक किस. जाड किसलेलं तो ताटात चिवडत बसतो."

मी योलांतालाही फोन केला. म्हटलं, यंदा तू स्वतः येऊन बघून जा ना. ती म्हणाली, "अगं, मी सरोवरांच्या पार दुसऱ्या टोकाला अडकलेय, इथे एका घरट्याशी लाकूडतोडे घुसलेत. आणि प्रानास आहेत ना तिथे? मग मला कसली काळजी?" मी तोंड उघडलं. आणि काय म्हटलं? "हो, आहेत ना." फोन ठेवला आणि स्वतःचीच अशी चीड आली म्हणून सांगू. दिवसभर आईला नावं ठेवायची आणि वेळ आली की आपणही तेच.

मी जवळच्या गावात शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. एके दुपारी शाळेतून बसने परतले आणि वळणावरूनच दिसलं, आमच्या फाटकात पाळणा लावलेली उंच शिडीची गाडी उभी. मी पिशवी सांभाळत धावतच आले. अंगणात वीजवाल्यांचा मुकादम, रेमिगियुस नावाचा, आईने दिलेला बर्चच्या झाडाचा रस पेल्याने पीत होता. स्ताशे कुंपणाशी. बाबा बाकावर, इस्त्रीचा सदरा घालून. रविवारच्या प्रार्थनेचा सदरा तो.

"झालं बरं का," आई मला म्हणाली, पण तिचा आवाज जरा जास्तच खणखणीत होता. "बाबांनी सांगितलं यांना. अजून बसली नाही. सकाळी कशा काटक्या लावत होती, नाही का हो?"

"काटक्या लावतेय," बाबा म्हणाले. "बसायला अजून वेळ आहे."

"योलांताबाईंचा निरोपच होता," रेमिगियुस पेला परत करत म्हणाला, "प्रानासकाका म्हणतील तो शेवटचा शब्द. मला काय, मला नुसता सरपणाचा भारा दिसतो. चला, तर मग लागू कामाला."

मी घरट्याकडे पाहिलं. काटक्यांच्या कडेवर एक काळपट रेघ होती, बस. मी पिशवी टाकली, दुर्बीण वळवली. मादी खोल बसलेली होती. अंग नाहीच, नुसता माथ्याचा पांढरा भाग आणि एक पिवळा डोळा. दोन पावलं बाजूला, घरट्याच्या कडेवर नर, न खाल्लेला अख्खा मासा पायाखाली धरून. ती उठून घेईल म्हणून वाट बघत होता आणि ती उठत नव्हती. सकाळी काटक्या लावल्या असतील, कोण नाही म्हणतंय. सकाळ होऊन गेली होती.

आई माझ्याकडे बघत होती. मला तो चेहरा पाठ आहे. बीट किस.

आणि मीही लागले ना त्यांच्यासारखंच करायला! मोठ्याने म्हटलं, "अगंबाई, किती खाली बसलीय आज! नुसतं डोकं दिसतंय. आणि बघा तरी, नर मासा घेऊन उभा आहे तर उठून घेतही नाहीये!"

रेमिगियुस थांबला. "म्हणजे काय?"

मी बाबांकडे पाहिलं. एवढं पुरे होतं. त्यांनी नुसतं म्हणायचं होतं, अरे हो, आता बसलेली दिसते. मी त्यांच्यासाठी दार सताड उघडून दिलं होतं. पण बाबांच्या कपाळावरची शीर उभी राहिली. मुकादमासमोर मुलगी आपल्याला दुरुस्त करते म्हणजे काय!

"म्हणजे वारा आहे," ते म्हणाले. "वाऱ्यात सगळेच पक्षी खाली बसतात. एवढी वर्षं मी बघतोय का ती बघतेय?"

वारा नव्हता. दोरीवरचे कपडे हलतसुद्धा नव्हते. रेमिगियुसने दोरीकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग माझ्याकडे, आणि खांदे उडवले. माणूस वाईट नव्हता. त्याला एक शब्द हवा होता आणि तो त्याला मिळालेला होता. त्याने चालकाला हात केला. गाडी घरघरत कुरणात उतरली.

"प्रानास," कुंपणापलीकडून स्ताशे म्हणाली. हिला खांब बदलून हवा होता बरं का, हिच्या हंसांच्या अंड्यांचा प्रश्न होता. "परत एकदा बघतोस का रे? नीट. काय घाई आहे?"

"तूच ना घाई करत होतीस?"

"मी काय, मी बोलतेच. माझं काय ऐकायचं?" आणि ती आपल्या बुटांकडे बघत राहिली.

मी आईचा दंड धरला. "सांग," मी हळूच म्हटलं. "तू सांग नाहीतर मी सांगते."

"तू सांग," आई म्हणाली. "सांग, सांगायचंच असेल तर. मी नाही सांगणार."

आणि मला सांगता येईना. गाडी कुरणाच्या मध्यावर गेली होती, ओल्या मातीत चाकं रुतून फिरत होती, आणि मी तिथे उभी राहून मनात वाक्यं जुळवत होते. बाबा, तुमची मान आखडलीय. बाबा, काच पुसायला झालीय. बाबा, दुर्बिणीचा भाग मिळत नाही. एक धड वाक्य सापडेना. समोर चार माणसं आणि इस्त्रीचा सदरा.

तेव्हा मादीने आवाज बदलला. मासा मागायची ती रडकी शिट्टी नाही, तुटक, टोचरी, एकावर एक. नर केव्हाच उडाला होता, मासा टाकून गाडीच्या वर घिरट्या घालत होता. मादी मात्र ओरडत होती ती तिथूनच.

बाबांनी डोकं वर केलं. दुर्बिणीकडे नाही, घरट्याकडेही नाही. डोळे मिटून घेतले त्यांनी आणि कान लावला. गाडी आणखी पुढे गेली, ओरडणं आणखी चढलं. बाबांचे ओठ हलत होते, जणू ती उडायची वाट बघत ते मनाशी म्हणत होते, ऊठ ना, ऊठ. एका जागी, त्याच एका जागी तो आवाज.

बाबा ताडकन उठले. गुडघा लागून तिकाटणं आडवं झालं, दुर्बीण गवतात गेली.

"थांबव! थांबव ती गाडी!"

ट्रॅक्टरवरचा तो जुना आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. रेमिगियुसने दचकून दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. गाडी थांबली, चालकाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"यंत्र बंद कर म्हणावं. आणि हळूच मागे घ्या."

रेमिगियुसने हाताने खूण केली. घरघर थांबली. पण तो आता चिडला होता.

"काका, मघाशी तुम्हीच म्हणालात, बसली नाही. आता काय झालं? मला वर उत्तर द्यावं लागतं. बसली आहे की नाही, एक काय ते सांगा."

"आवाज जागचा हलत नाहीये तिचा," बाबा म्हणाले. "खाली काही नसतं तर एव्हाना उडाली असती."

"आवाजाचं नको, मला तुम्ही काय पाहिलं ते सांगा. दुर्बीण तुमच्याकडे आहे."

आई घाईघाईने पुढे झाली. "अहो, ऊन आहे ना समोरून, या वेळी उन्हामुळे—"

"ब्रोने, पुरे," बाबा म्हणाले.

त्यांनी रेमिगियुसकडे मान तिरकी केली, मग ती सरळ केली. सरळ त्याच्या तोंडाकडे बघत, जिथे त्यांना तोंड दिसत नव्हतं, ते म्हणाले, "मला नाही दिसत. घरटं दिसत नाही, पक्षी दिसत नाही, तूही दिसत नाहीस. गेल्या उन्हाळ्यापासून. माझ्या मुलीला विचार, तिला दिसतं."